इन्ग्रिडबाईंचा फाटलेला ओठ

परवा बोट कापलं म्हणून आयोडिन लावलं, आणि त्या वासासरशी मी दोन हजार चार सालच्या, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात जाऊन पोचले.

आमच्या म्हाताऱ्या डॉक्टर इन्ग्रिड मूळच्या नॉर्वेच्या, गावातल्या पहिल्या बाई डॉक्टर. त्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि मी त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत होते. एका घरातून किंकाळी आली. दार ढकललं, तर नवरा बायकोचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटत होता.

इन्ग्रिड मध्ये पडल्या. त्याने खुर्ची उचलून त्यांच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात जमिनीवर पडला.

“पोलिसांना फोन कर,” त्या मला म्हणाल्या.

फोन हातातच होता. पण यात आपलं नाव आलं तर व्हिसाचं काय, या भीतीने माझा अंगठा हलेना. शेवटी त्या बायकोनेच धावत येऊन माझा फोन ओढून घेतला.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर इन्ग्रिड तिच्या कपाळाला आयोडिन लावत बसल्या. स्वतःचं रक्त तसंच गळत होतं.

“घाबरलीस ना? मीही घाबरले होते,” त्या मला म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, माझी समजूत काढताहेत. आज त्यांच्या वयाला टेकल्यावर कळतं, त्या खरंच घाबरल्या होत्या.