आजचं दुखणं कुणाचं

"देवान माका दुखणा दिल्यान, पण गप बसाची बुद्धी काय दिल्यान नाय."

हे फ्रान्सिस्का डिसोझा, सगळ्यांची सिस्का, वेंगुर्ल्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून म्हणाली होती, आणि तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारी यशोदा होती. तिने लाजून पदर तोंडाला लावला. रांगेत कुणाला कंबर होती, कुणाला मान होती, एकाच्या पायाला गळू होतं. सगळे हसले. गळूवाला सर्वांत जास्त हसला आणि मग पाय धरून कळवळला. "बगलंस?" सिस्का यशोदेला म्हणाली, "हसल्यार गळू फुटता. डागतराची फी वाचली."

सिस्का आणि यशोदा यांच्या घरांमध्ये एक गडगा आहे, म्हणजे नुसत्या दगडांवर दगड ठेवून रचलेली भिंत. तिच्यातला एक भाग कधीतरी ढासळला आणि दोन्ही घरांनी तो तसाच ठेवला, कारण तिथूनच जाणंयेणं होतं. गेली वीसेक वर्षं यशोदा रोज सकाळी त्या खिंडारातून पलीकडे जाई. सिस्काच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडी, तिच्या झग्याची पाठीमागची बटणं लावी, केस विंचरून अंबाडा घाली. कारण सिस्काची बोटं वाकडी झाली होती. संधिवाताने सगळी बोटं एका बाजूला कलली होती, वाऱ्याने माडाच्या झावळ्या कलाव्यात तशी.

ही तीच बोटं होती ज्यांनी कधीकाळी वाडीतल्या सगळ्या ख्रिस्ती मुलींचे पांढरे झगे शिवले. पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे लहानपणी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवसाचे, आणि लग्नाचे. झालर, लेस, मोत्यांची रांग. सिस्काने शिवलेल्या झग्याची आतली बाजूही बाहेरच्या बाजूसारखी दिसे. कापडाची चिंधी ती कधी टाकत नसे. चिंध्यांच्या गोधड्या होत, गोधडीतून उरलेल्यांची पायपुसणी होत, पायपुसण्यातून उरलं ते उशीत भरलं जाई. शेवटचा झगा तिने वाडीतल्या वेनेसासाठी शिवला. तेव्हा वेनेसा कम्युनियनच्या वयाची, पुढचे दोन दात पडलेली पोर होती. त्या झग्याची शेवटची बाही शिवताना सिस्काच्या हातातून सुई पुनःपुन्हा पडत होती. त्यानंतर मशीन कोपऱ्यात गेलं आणि त्याच्यावर फुलदाणी आली.

त्या वर्षी ती खूप रडली म्हणतात. यशोदेने मात्र तिला रडताना पाहिलं नाही, फक्त न बोलता बसलेली पाहिली, आणि ते जास्त भयंकर होतं. तेव्हाचे म्हातारे पाद्री तिला घरी येऊन भेटले. ते काय म्हणाले हे सिस्काने यशोदेला कितीतरी वेळा सांगितलं होतं. "फ्रान्सिस्का, तुझं दुखणं कुणी घेऊ शकत नाही. पण ते फुकट जाऊ देऊ नकोस. क्रुसावर प्रभूने आपली वेदना आपल्यासाठी ओपली, अर्पण केली. तूही कुणासाठी तरी ओप."

दुसऱ्या कुणी ते ऐकून मान डोलावली असती आणि सोडून दिलं असतं. सिस्का शिंपीण होती. वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी ओट्यावर गरम पाण्याच्या टोपात हात बुडवून बसू लागली आणि ठरवू लागली, आजचं दुखणं कुणाचं. गुडघा एकाला, मनगट दुसऱ्याला. मोठ्या कामाला खांदा, बारीकसारीक कामाला बोटं. "आजचो गुडघो तुज्या भाईच्या केशीक," ती गडग्यावरून ओरडून यशोदेला सांगे. भाई म्हणजे यशोदेचा नवरा. त्याची माडांच्या बागेची केस कोर्टात पडून होती. "गुडघो बरोच दुखता, निकाल लागात बग."

वाडीत ही गोष्ट पसरली. लोक आधी हसले, मग येऊ लागले. ख्रिस्ती आले तसे हिंदूही आले. कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाची म्हैस गाभण. यशोदेची मुलगी आकांक्षा बारावीला असताना सकाळीच खिंडारातून उडी मारून आली.

"आंटी, आज गणिताचो पेपर आसा. दुखण्याची गोळी वायच उशिरा घेशीत?"

"माजे बाये," सिस्का म्हणाली, "तुज्या गणिताक माजो खांदो पुराचो नाय. तू अभ्यास करूक होयो होतो."

पण गोळी तिने दुपारीच घेतली. आकांक्षा पास झाली, काठावर. "मगे?" सिस्का म्हणाली, "खांद्याएवढेच मार्क पडले."

यशोदेच्या देवघरात ही गोष्ट कुठे बसत नव्हती, पण तिथलं काही मोडतही नव्हती. मुंबईत यशोदेचा मुलगा अजय तापाने हॉस्पिटलात पडला होता तेव्हा सिस्काने दिवसभर गोळीला हात लावला नव्हता. ओट्यावर बसून ओठ चावत होती आणि मधेच कावळ्याला शिव्या देत होती. अजय बरा झाला. कशाने झाला, हे यशोदेने डॉक्टरांनाही विचारलं नाही आणि स्वतःलाही.

मग सिस्काचा भाऊ लुईस मडगावहून आला आणि बहिणीचं काही ऐकून न घेता तिला तिथल्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. नवीन औषध निघालं होतं. सुई होती, पंधरवड्याला एक, थंड ठेवायची. सिस्काचा फ्रिज वीज गेली की रुसून बसायचा, म्हणून सुयांचे डबे यशोदेच्या फ्रिजात आले. वेळ झाली की दोघी डबा घेऊन आरोग्य उपकेंद्रात जात आणि तिथली सारिका सिस्टर सुई टोचून देई.

काही सुया झाल्या आणि एका सकाळी यशोदा खिंडारातून गेली तर सिस्का अंबाडा घालून बसलेली. अंबाडा एका कानाकडे कलला होता, पण तो तिचा तिने घातलेला होता. लाकडी फणी त्यात तुऱ्यासारखी खोचलेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की भाई दात घासता घासता बाहेर आला.

पुढचे दिवस सणासारखे गेले. सिस्काने फुलदाणी उतरवली आणि मशीनला तेल घातलं. यशोदेचे पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले. भाईच्या शर्टाला नको असलेलं बटणही लावलं.

"गे, ह्या बटणाक काजां खंय आसा?" भाई म्हणाला.

"काजां उद्या करतलंय. आज बटणाचो दिवस."

पण सकाळी ओट्यावर बसायची सवय सुटली नव्हती. पाण्याचा टोप नसे, तरी ती बसे. लोक येत. "आंटी, आज वायच..." ती बोटं हलवून बघे, खांदा फिरवून बघे. काही नाही. दुकान उघडं आणि माल नाही, असा तिचा चेहरा होई. यशोदेला त्याचं हसू येई. यात हसण्यासारखं काही नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

ध्यानात आलं ते वेनेसामुळे. ती दात पडलेली पोर आता लग्न होऊन चर्चच्या वरच्या अंगाला, चढणीवरच्या घरात राहत होती. नवरा कॉनरॅड जहाजावर. दोनदा दिवस राहून गेले होते आणि आता तिसऱ्यांदा राहिले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिने सिस्काला निरोप पाठवला होता: आंटी, आता तुझं सगळं दुखणं मला दे, दुसऱ्या कुणाला देऊ नको. सिस्काने दिलं होतं. चढण चढवत नव्हती म्हणून ओट्यावरूनच, पण सगळं. आणि नेमकी त्याच दिवसांत सुई लागू पडली. दुखणं आटत गेलं, आणि आठवड्यापूर्वी वेनेसाला थोडं रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पडून राहा.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला शुक्रवार होता, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या उपासाचे दिवस. यशोदा फ्रिजातून दही काढायला गेली आणि दह्याच्या भांड्यामागे तिला सुईचा डबा दिसला. ही सुई गेल्याच आठवड्यात टोचायला हवी होती. सिस्का म्हणाली होती, मी एकटी जाऊन आले. यशोदेने भाईला हाक मारून सारिकाला फोनवर थांबवायला सांगितलं, सोलकढी न्यायच्या स्टीलच्या किटलीत बर्फ भरला, त्यात डबा ठेवला आणि खिंडारातून न जाता सरळ रस्त्याने चर्चला गेली. सिस्का दुसरीकडे कुठे असणार?

चर्च रिकामं होतं. बाहेर ऊन एवढं की आत शिरल्यावर क्षणभर काही दिसेना. सिस्का भिंतीकडच्या बाकावर बसली होती. उजव्या हाताची बोटं पुन्हा थोडी सुजली होती आणि सिस्का त्यांना डाव्या हाताने दाबून बघत होती, आंबा पिकला का बघावं तशी.

"काय गो, किटलीत मटाण हाडलंस? आज शुक्रवार, मी खावची नाय."

"तुजी सुई हाडलंय. दह्याच्या मागे लपयलेलंस ती."

"लपवक नाय. थंड जागा बगून ठेवलंय."

"सारिका जेवणापर्यंत थांबतली. ऊठ."

"तिका सांग, माजो उपास आसा."

"सुयेचो उपास तुमच्या खंयच्या पुस्तकात लिवलो हा? फादराक इचारलंस?"

"इचारलंय. तो हसलो. म्हणता, आंटी, सुई घे. नवो फादर तो, तेची अजून अक्कलदाढसुदा दुखूक नाय. तेका काय समजता?"

यशोदा तिच्याशेजारी बसली. किटली मध्ये ठेवली. आतला बर्फ हलका आवाज करत होता.

"यशोदे," सिस्का हळू म्हणाली, "हात गेले तेव्हा माका वाटला, आता माजा काय काम नाय. मगे देवान ह्या काम दिल्यान. आता ताच काडून घेतल्यान. माजा दुखणा थांबला आणि त्या पोरीक सुरू झाला. मी सुई घेतलंय म्हणान. आता ह्या मुल गेला तर?"

"तसा नसता गो."

"अजयच्या टायमाक असता आणि वेनेसाच्या टायमाक नसता?"

अजय मुंबईत धडधाकट होता, कालच फोनवर जेवणावरून भांडला होता. यशोदेने किटलीचं झाकण घट्ट बसवलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "सकाळी पेज घेवन गेललंय तिच्याकडे. बरी आसा. पण केसांचा घरटा झाला हा डोक्यार. ती कामवाली म्हणता, जेवण करीन, केस माजा काम नाय. रडत होती पोर. इचारल्यान, आंटी कित्याक येयना? आता चलता ना ती?"

सिस्काने मान फिरवली. "काय त्वांड घेवन जाव? हातात काय नाय."

बर्फ वितळत होता. सारिका वाट बघत होती. सिस्काच्या डोळ्यांत बघवेना म्हणून यशोदेने समोर भिंतीकडे बघितलं. भिंतीवर क्रुसाच्या वाटेची चित्रं ओळीने लावलेली. इतक्या लग्नांना आणि सणांना ती इथे आली होती, पण ही चित्रं तिने कधी नीट पाहिली नव्हती. समोरच्या चित्रात येशू वाकला होता आणि एक दांडगा माणूस मागून क्रूस उचलत होता.

"ह्यो कोण गो? तुमचो संत?"

"नाय. तो शिमोन." सिस्काने नाक पुसलं. गोष्ट सांगायची म्हटल्यावर तिचा आवाज आपोआप चढला. "शेतातसून घराक जायत होतो. वाटेर ही गर्दी. प्रभूक खुरीस उचलना. शिपायांनी ह्येका धरल्यानी आणि खांद्यार दिल्यानी."

"ह्येना काय केललो?"

"काय्येक नाय. उगीच गावलो."

"वळखीचो होतो?"

"नाय गो. परगावचो."

यशोदा चित्र न्याहाळत होती. "बिचारो. ह्येचापण काय दुखत होता?"

"दुखता कित्याक? शेतकरी गडी तो! खांदो बरो होतो म्हणान तर धरल्यानी तेका. दुखरो खांदो घेवन काय..."

सिस्का थांबली.

यशोदा पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. सिस्काचं वाक्य अर्धं राहिलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. सिस्का चित्राकडे बघत होती, मग आपल्या हातांकडे. तिने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सुजली होती, पण उघडत होती.

"काय झाला गो?" यशोदा म्हणाली. "खंय दुखता?"

सिस्काने डोक्याकडे हात नेला आणि अंबाड्यातली लाकडी फणी उपसून काढली. अंबाडा सुटला, पांढरे केस पाठीवर आले. फणीचे दात तिने अंगठ्याने एकदा चाचपले, शिवायला बसण्याआधी सुईचं टोक चाचपायची तसे, आणि फणी झग्याच्या खिशात घातली. मग बाकावरची किटली उचलली, उजव्या हाताने. दाराशी ती डाव्या हातात घेऊन पवित्र पाण्यात बोटं बुडवून तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावली.

"सिस्का, थांब! मी येतंय!" यशोदा उठेपर्यंत तिची एक चप्पल बाकाखाली गेली होती.

ती शोधून यशोदा दारात आली तेव्हा सिस्का फाटकापाशी पोचली होती. डावीकडे उतरणीला तिचं घर होतं. उजवीकडे उपकेंद्र आणि त्याच्यापुढे वेनेसाची चढण. केस मोकळे, किटली हेलकावे खात असलेली, अशी ती उजवीकडे वळली आणि एक अक्षर न बोलता निघून गेली.