उन्हाची डाळ

आमचे जेठमल शेठजी जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. जालन्यातल्या त्यांच्या डाळमिलवर मी बावीस वर्षं मशीन चालवतोय, हा नेम मोडलेला एकदाही पाहिला नाही. अशा माणसापुढे तो फॉर्म कुणी ठेवायलाच नको होता.

फॉर्म मुंबईच्या कंपनीचा. तिची डाळ परदेशात जाते, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला म्हणे ती सौरऊर्जेवरच भरडलेली पाहिजे. मिलच्या छतावर पॅनल होतेच, नुसती सही करायची होती. पण शेठजींनी त्याचं व्रत केलं. मला म्हणाले, "कल्याण, कंपनीचा माल ऊन असंल तवाच काढायचा. ढग आला की मोटार बंद. बिलकुल!"

आणि दिवस आषाढाचे! दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद. हमाल हसायचे, माझं डोकं फिरायचं. तरी पंधरवड्यात ट्रकभर डाळ निघाली. शेठजींनी तिची थप्पी वेगळी लावून घेतली, पोत्यांवर खडूनं सूर्य काढून.

ते सूर्य पाहून त्यांचा मुलगा हर्ष पोट धरून हसला. "पप्पा, आपली वीज बोर्डाच्या विजेत मिसळते. जास्तीची त्यांना जाते, लागंल तवा आपण परत घेतो. वर्षाचा मेळ बसला की झालं. मोटार कवाबी चालवा."

"मिसळते? मंग ही डाळ उन्हाची का बोर्डाची?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. तूर हातात घेतली की ती काळ्या रानातली का मुरमाडातली, हे मी सांगतो. हे कसं सांगणार?

"दिवसभर उपाशी राह्यलो अन् राती जेवलो, तर मेळ बसला म्हणायचा का? खोट्या कागदावर सही केली न्हाई मी आजवर."

सही नाही तर कंपनीचं काम नाही, आणि आमची निम्मी मिल त्या कामावर चालते.

संध्याकाळी ट्रक भरून दारात उभा होता. आभाळ इतकं दाटलं, की मी दिवा लावला. शेठजींनी डबा उघडला, भाकरीचा घास मोडला आणि थांबले. "सूर्य मावळला का रे?"

भिंतीवर त्यांच्या जैन स्थानकातून आणलेलं सूर्यास्ताचं वेळापत्रक होतं. "अजून बावीस मिनटं हायेत, शेठजी."

"पण दिसून राह्यला का?"

"दुपारपासून न्हाई दिसला."

ते त्या वेळापत्रकाकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं पावसाळाभर मी ह्या कागदावरच जेवून राह्यलो. सूर्य कुठं पाह्यला? मंग खरं कोण, मी का ती कंपनी?"

मला कळेना. अजूनही कळत नाही. शेठजींनी फॉर्म ओढला, सही केली आणि ट्रक सोडायला सांगितला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचीच मला लाज वाटली.

वेळापत्रकाप्रमाणे अजून दहा मिनिटं होती. शेठजींनी मोडलेला घास परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.