सेटअप अपूर्ण आहे

टेलरमावशीच्या हातून अर्धवट काम कधी बाहेर गेलं नाही. एकतीस वर्षं तिने शिवणाचं दुकान चालवलं, पण कपडा उलटा करून पाहिला तरी आत एक लोंबता दोरा सापडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, आतून कोण बघतंय?" त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "मी बघते ना!" एकदा तर बटणाचा टाका सैल राहिल्याचं आठवलं म्हणून ती एका बाईच्या मागे भर रस्त्यात चार चौक धावली होती आणि तिथेच, फुटपाथवर उभ्या उभ्या, तिने तो टाका घातला होता. लोक हसले. हसेनात का! मावशीला त्या रात्री झोप तरी लागली.

हा तिचा गुण होता. आपल्या गुणांनीच माणूस कसा गोत्यात येतो, ते आता सांगायचं आहे.

ते दुकान आता बंद होतं. सात आठवड्यांपासून मावशी एका परक्या गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करत होती. जिने आयुष्यभर कापड बेतलं, तिला काजांवर बसवणं म्हणजे आचाऱ्याला भांडी घासायला लावणं. पण तिची तक्रार नव्हती, कारण ती इथे आली होती ते भाचीसाठी.

भाची म्हणजे तिच्या गेलेल्या बहिणीची मुलगी. मावशीनेच वाढवलेली, मावशीनेच लग्न लावून दिलेली. नवरा दिसायला देखणा, बोलायला मऊ. कधी आवाज चढवायचा नाही. बायको भाजी आणायला गेली की घड्याळ लावून बसायचा, आणि ती सहा मिनिटं उशिरा आली की हसून विचारायचा, "कोण भेटलं होतं?" दोन वर्षांत त्याने दोनदा तिची बोटं दारात चेमटवली. दोन्ही वेळा स्वतःच डॉक्टरकडे घेऊन गेला आणि "आमची बाई वेंधळी आहे हो," असं सांगून डॉक्टरांनाही हसवलं. दुसऱ्यांदा घरी येताना तिला म्हणाला, "पुढच्या वेळी जपशील ना?" एवढंच. भाची एकदा पोलीस चौकीत गेली होती, तर तिथे येऊन त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि तिला हाताला धरून परत नेलं.

मावशीला हे सगळं कळलं तेव्हा ती रडली नाही. तिने दुकानाला कुलूप लावलं आणि दोघी निघाल्या. निघण्याआधी भाचीने मावशीचा जुना फोन दुकानातल्या जड इस्त्रीने ठेचून त्याचा चुरा केला. तो फोन जावयानेच भेट दिलेला होता. स्वतः मांडी घालून बसून त्याने तो चालू करून दिला होता, त्यात मावशीच्या नावाचं खातं उघडलं होतं आणि खात्याचा पासवर्ड एका कार्डावर वळणदार अक्षरात लिहून दिला होता. "मावशी, हे जपून ठेवा हं." मावशीने ते सुयांच्या डबीत जपून ठेवलं. डबी तिच्याबरोबर आली, तिच्यात कार्डही आलं, आणि ते भाचीला सांगावं असं तिला कधी वाटलंच नाही.

नव्या गावात कारखान्याला नंबर द्यावा लागला म्हणून एक फोन घेतला. भाची स्वतः फोन वापरतच नव्हती, तिने त्याचा धसका घेतला होता. मोबाइलच्या दुकानात काउंटरवरच नवा फोन मावशीला प्रश्नांवर प्रश्न विचारू लागला, तेव्हा भाची तिच्या कानाशी म्हणाली, "काहीही विचारू दे. तू आपलं 'नंतर' दाब."

"जुन्या फोनमधलं आणायचं का, विचारतोय."

"नको म्हण."

"खात्याचं नाव विचारतोय."

"नंतर. आपलं नाव-गाव कुणाला द्यायचं नाही, मावशी. कुणालाच नाही."

मावशीने मान डोलावली आणि ते इमानाने पाळलंही. पण तिच्या लेखी 'कुणाला' म्हणजे माणसाला. स्वतःचं खातं हे काही कुणी परकं नव्हे! कुलूप दुसऱ्याने बसवलं की एक किल्ली त्याच्याकडे राहते, हे दाराच्या बाबतीत तिला शिकवावं लागलं नसतं. फोनच्या बाबतीत मात्र ते तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि तिला दोष देणाऱ्याने आधी आपलं खातं कुणी उघडून दिलं ते आठवावं.

त्या दिवसापासून रोज सकाळी फोन तेच सांगू लागला, 'तुमचा सेटअप अपूर्ण आहे. पूर्ण करा.' मावशी बोटाने ती ओळ बाजूला सारायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. अपूर्ण! आयुष्यात तिला कुणी हा शब्द ऐकवला नव्हता, आणि आता वीतभर काचेचा तुकडा रोज उठून ऐकवत होता. "मेल्या, कळलं!" असं ती त्याला म्हणायची. पण मनात ते कुसळासारखं सलायचंच.

तशात शनिवारी कारखान्याच्या बाई म्हणाल्या, "आपला कटर सोडून चाललाय. तुम्ही कापड बेतायच्या म्हणता, तर केलेलं काम दाखवा सोमवारी. फोटो असतील ना?" फोटो होते. तीन-चारशे तरी होते, पण ते जुन्या फोनमध्ये, म्हणजे त्या खात्यात.

रविवारी भाची दातांच्या दवाखान्यात कामाला गेली. तिथे ती येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. मावशीने खोली झाडली, चहा घेतला, चष्मा पुसला आणि सुयांच्या डबीतून कार्ड काढलं. भाची येईस्तोवर सगळं आटपून तिला चकित करायचं, असा बेत होता.

नाव घातलं. पासवर्ड एकेक अक्षर बघून घातला. फोनने जरा विचार केला आणि लिहिलं, 'तुमच्या दुसऱ्या फोनवर सूचना पाठवली आहे. हे तुम्हीच आहात का? तिथे हो दाबा.'

"दुसरा फोन आता कुठला आणू, बाबा?" मावशी त्याला म्हणाली. "त्याचं इस्त्रीखाली पीठ झालं." ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग फोन शिवणाच्या मशीनवर ठेवून तिने सुईत दोरा ओवायला घेतला. पाचेक मिनिटं गेली असतील. आपलं काही जमत नाही, असं तिला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पडदा आपोआप बदलला. 'स्वागत आहे!'

"आली बाई अक्कल यंत्राला!" मावशी खुदकन हसली.

मग काय, पुढचं सगळं सोपं झालं. फोटो साठवू का? हो. तुमचं ठिकाण वापरू का? हो. हरवलेला फोन शोधून देऊ का? अरे हो, ते तर फारच चांगलं. जुने फोटो भराभर उतरले. तिने कापलेल्या बाह्या, तिने बसवलेले गळे, एका नवरीचा झगा, आणि मधेच कुठेतरी भाचीच्या लग्नातला तिचा आणि जावयाचा फोटो. तो तिने पटकन पुढे सारला. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन म्हणाला, 'सेटअप पूर्ण झाला.' मावशीला इतकं हलकं वाटलं की तिने दुपारी सात आठवड्यांत पहिल्यांदा डुलकी काढली.

साडेचारला भाची आली. मावशीने तिला चप्पलही काढू दिली नाही, फोन समोर धरला. "बघ! सगळे परत आले. तुला नुसतं 'नंतर, नंतर' येतं. काम पुरं करायला धीर लागतो. मधेच अडला होता, दुसऱ्या फोनवर हो दाबा म्हणाला. मी म्हटलं, बस बोंबलत! पाच मिनिटांनी सुटला की आपोआप."

भाचीचा हात पिशवीवर तसाच राहिला.

"दुसऱ्या फोनवर?"

"हो ना. दुसरा फोन आहे कुठे?"

"तेच विचारतेय मी," भाची अगदी हळू म्हणाली. "दुसरा फोन तर मी फोडला. मग 'हो' कुणी दाबलं, मावशी?"

भाचीने फोन ओढून घेतला आणि 'फोन शोधा' असं लिहिलेल्या ठिकाणी दाबलं. नकाशा उघडला. त्यावर दोन ठिपके होते. एक त्यांच्या गल्लीत, जागच्या जागी. दुसरा मोठ्या रस्त्यावर, आणि तो सरकत होता. त्याच्या घरापासून इथवर मोटारीने सहा तासांची वाट, त्यातली पाऊण तासाची उरली होती.

"मी मेले," भाची म्हणाली आणि फोन बंद करायला गेली. मावशीने तिचं मनगट धरलं.

"बंद करू नकोस."

"अगं, त्याला दिसतोय!"

"दिसू दे. हा दिवा इथे लागलाय तोवर तो सरळ इथेच येईल. विझला की तो गावभर शोधेल. स्टँडवर शोधेल." मावशीच्या आवाजाला आता मापाच्या टेपसारखी नेमकी कड आली होती. "तू नीघ."

"तुला सोडून? नाही."

"पोरी, घाण मी केलीय, निस्तरणार मी. वळणदार अक्षराला भुलले मी, मूर्ख बाई! मला आत्ता रडायला लावू नकोस. नीघ."

"मी सरळ जाते त्या—"

"सांगू नकोस!" मावशीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "कुठे जातेस ते मला कळताच कामा नये."

भाचीने पिशवीत दोन कपडे कोंबले. दारात तिने मावशीला अशी मिठी मारली की मावशीचा चष्मा तिरका झाला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि खाली विरत गेली. भाचीकडे फोन नव्हता. ती पोचली का, बस मिळाली का, हे मावशीला आज कळणार नव्हतं, उद्याही नव्हतं, आणि हे तिला चांगलंच कळत होतं.

तिने आतून कडी लावली. खालच्या मजल्यावरचं गोदाम रविवारचं बंद होतं, बाजूची खोली रिकामी. फोन मशीनवर उभा ठेवून ती समोर बसली. ठिपका पुलावर आला. पेट्रोल पंपापाशी थोडा थांबला. मावशीने हात जोडले, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. ठिपका निघाला. बाजाराचा चौक. शाळेची भिंत. त्यांची गल्ली. मग दोन ठिपके एकावर एक आले आणि एकच दिसू लागला.

खाली मोटारीचं दार लागलं. पावलं सावकाश वर आली, आणि दारावर टकटक झाली, पाहुणा करतो तशी.

"मावशी, मी आहे."

"कोण? जावईबापू?"

"हो. फोन नीट चालू झाला ना? सकाळी अडलं होतं तुमचं. मीच 'हो' दाबलं."

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. भाचीला निघून पस्तीस मिनिटं झाली होती.

"फार उपकार झाले हो," ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "जरा थांबा हं. ती आत न्हातेय. केस धुवायला बसलीय, वेळ लागेल."

"लागू दे," तो दाराला अगदी लागून बोलला. "मला कसलीच घाई नाही."

तो दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. मावशी उठली, न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि मोठ्याने म्हणाली, "आटप गं, बाहेर कोण आलंय बघ!"