पत्ता न लागलेली विद्यार्थिनी

आमच्या शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा संस्थेला एकाएकी माजी विद्यार्थ्यांचा उमाळा आला. शिरपूरच्या अलीकडचं आमचं गाव. शाळा खाजगी, गावातल्या कापूसवाल्यांनी काढलेली. मी तिथंच शिकले आणि तिथंच कच्च्या नोकरीवर शिकवत होते. ठरलं असं, की ज्यांनी शाळेचं नाव काढलं त्यांना स्टेजवर बसवून शाल-नारळ द्यायचा. एक डॉक्टर, एक फौजदार, एक अमेरिकेतला, एक साखर कारखान्यातला इंजिनियर. सगळे बाप्येच.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेली आपली एकच मुलगी, माझ्याच बाकावर बसायची, तिला कसं विसरलात? ते म्हणाले, विसरलो नाही, पण तिचा पत्ता लागत नाही.

हसावं की रडावं तेच कळेना. ती मामाकडे शिकायला राहिलेली पोर. मामा पुढे सुरतेला गेला. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव काढलं, पेढे वाटले, आणि जुनं नाव त्याच दिवशी संपलं. आता गाव तिला ओळखत होतं ते जिनिंगवाल्या आबांची धाकटी सून म्हणून. आणि हे आबा आमच्याच संस्थेचे चिटणीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दुपारी तिच्याकडे गेले. मागच्या ओट्यावर ती उडदाचे पापड वाळत घालत होती. सगळं ऐकता ऐकता पापड उलटत राहिली.

"मला शाल नको गं," ती म्हणाली. "फक्त एकदा माझ्या पोरीला कळू दे, ती मुलगी मी होते."

पोर आमच्याच शाळेत तिसरीला. आजी तिला सांगायची, अभ्यासातलं काही अडलं तर बापाला विचार, आईला त्यातलं काय कळतंय. आणि बाप कोण, तर बारावीला दोनदा आपटलेला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच आबांसमोर जाऊन बसले.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, सून हुशार आहे हे मला का माहीत नाही? पण शाल चिटणीसानं द्यायची असते. जी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, माजघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही, तिला मी चारचौघांत शाल पांघरवू? मी म्हटलं, पाहुण्यांच्या हातून द्या. आबा हसले. मग अगदी मायेनं त्यांनी विचारलं, तुमची ऑर्डर अजून कच्चीच आहे ना?

दाराआडून तिच्या सासूबाई बोलल्या, "ते नाव तं ताटमाच बदली गयं, बाई. आते ती पोर कोठे शे?"

कप्पाळ माझं! तरी मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मॅडम, आबा म्हणतात पत्ता लागत नाही, म्हणजे लागत नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. ती बायकांच्या रांगेत, मांडीवर पोर, डोक्यावर पदर. शेजारी मी. डॉक्टर झाला, फौजदार झाला, अमेरिकेतल्याच्या वतीनं त्याच्या वडिलांनी नारळ घेतला. मग मुख्याध्यापकांनी तिचं माहेरचं नाव घेतलं, मार्क सांगितले आणि म्हणाले, शाळेला या विद्यार्थिनीचा अभिमान आहे, पण दुर्दैवानं त्यांचा पत्ता लागू शकला नाही. त्या आज जिथं असतील तिथं सुखी असोत.

मी उठायला लागले. तिनं पदराखालून माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. स्टेजवर आबा टाळ्या वाजवत होते. मांडवभर टाळ्या झाल्या.

पोरीनं मान वर करून विचारलं, "आई, कोण गं ती?"

"होती एक," ती म्हणाली. "फार हुशार होती म्हणे." आणि माझं मनगट सोडून तिनंही टाळ्या वाजवल्या.