पाखरं निजवणारा ऑरिन

ऑरिन टेस्मरचं काम पाखरं निजवण्याचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका शिकारी क्लबात तो एकोणीस वर्षं हेच करत आला. शनिवारी सकाळी मेंबर मंडळी कॉफी ढोसत गेल्या हंगामातल्या थापा मारत बसलेली असतात. तेवढ्यात ऑरिन पिंजऱ्यातून एकेक फेझंट, म्हणजे कोंबड्याच्या जातीचा लांब शेपटीचा पक्षी, काढतो, त्याचं डोकं पंखाखाली खुपसतो, चार गिरक्या देतो आणि गुंगलेलं पाखरू गवतात अलगद ठेवून येतो. अर्ध्या तासाने शिकारी येतात. कुत्री वास काढते, पाखरू दचकून उडतं, तीन बंदुका एकदम धडाडतात. मग "काय चिवट जनावर होतं!" असं म्हणत एकमेकांच्या पाठी थोपटल्या जातात. या चिवट जनावराचा जन्म जाळीखाली गेलेला असतो. एकमेकांना टोचू नये म्हणून नाकाला भोक पाडून बसवलेली प्लास्टिकची झापडं आदल्याच दिवशी काढलेली असतात. रानाशी त्याची ओळख म्हणाल तर अर्ध्या तासाची.

"निजली का बाळं?" ऑरिनची बायको व्हर्ना दर शनिवारी विचारायची.

"निजली. आता आजोबा येतील उठवायला."

ऑरिनचं घर क्लबाच्या पूर्वेच्या कुंपणाला लागून होतं. कुंपणाच्या आत पाणकणसांनी भरलेली दलदल होती आणि तिच्यात एक खराखुरा रानातला फेझंट कोंबडा राहत होता. ऑरिनच्या लहानपणी असे थव्याने दिसायचे. पुढे शेतं पार रस्त्याच्या कडेपर्यंत नांगरली गेली, गवत गेलं आणि पाखरंही गेली. ऑरिनला ठाऊक असलेला हा एवढा एकच उरला होता. चार हिवाळे तो रोज सकाळी सहा वाजता कॉफीच्या जुन्या डब्यातून त्याला मका टाकत होता. पोटी मुलगी नाही, पण व्हर्ना कोंबड्याला जावईच म्हणायची. लाडही तसलेच होते.

जावई जगावा म्हणून ऑरिन चार वर्षं सरळ खोटं बोलत होता. पूर्वेला चिखल आहे, पाखरांचे पंख भिजतात, असं सांगून तो शिकाऱ्यांना पश्चिमेलाच फिरवायचा. कोणी बघायला जात नव्हतं. मेंबरांचे बूट महागाचे होते.

पण नवा मॅनेजर ट्रेंट आला. आधी गोल्फ क्लब चालवायचा, त्यामुळे शिकारीतलं त्याला सगळंच कळत होतं.

"या शनिवारी मिस्टर व्हिटकोम येतायत," तो म्हणाला. "क्लब काढला त्यांनी. ब्याऐंशी वय, धड चालवत नाही, धड दिसत नाही. गाडीरस्ता पूर्वेला आहे, तर पाखरं तिकडेच ठेव."

"तिकडे चिखल आहे."

"ऑरिन, दोन महिने पावसाचा थेंब नाही. आणि म्हातारा रिकाम्या हाताने गेला ना, तर सोमवारी तू यायची तसदी घेऊ नकोस."

ऑरिनने रात्रभर विचार करून अक्कल लढवली. चार पाखरं अगदी रस्त्यालगत ठेवायची, दलदलीपासून लांब. म्हातारा तिथेच खूश होईल, पुढे जायचं कारणच उरणार नाही. फक्त गाडीच्या आवाजाने ती आधीच उडता कामा नयेत. म्हणून त्याने प्रत्येकाला चारऐवजी चांगल्या बारा गिरक्या दिल्या.

मिस्टर व्हिटकोमना गाडीतून उतरवून, केशरी जाकीट चढवून उभं केलं. ऑरिनची कुत्री पर्ल पहिल्या झुडपापाशी थबकली. ऑरिनने बुटाने गवत ढोसलं. काही नाही. पुन्हा ढोसलं. पाखरू कुशीवर वळलं.

"मेलंय का ते?" मिस्टर व्हिटकोमनी विचारलं.

"नाही साहेब. झोपलंय."

"या वेळेला?"

दुसरं पर्लने जिवंत तोंडात धरून आणलं आणि मोठ्या अदबीने म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं. तिसरं उठलं आणि झिंगलेल्या पाहुण्यासारखं रस्त्याने चालत निघून गेलं. चौथ्याने डोळाच उघडला नाही. ट्रेंटचा चेहरा जाकिटाच्या रंगाचा झाला.

"पुढे चला. त्या पाणकणसांकडे."

"तिकडे काही नाही," ऑरिन घाईने म्हणाला.

"इथे तरी काय आहे? पाळणाघर!"

ऑरिन मुद्दाम रेंगाळला, शिट्टी घातली, "पर्ल, मागे ये!" म्हणून ओरडला. जन्मभर ऐकणारी कुत्री त्या दिवशी ऐकेना. पिंजऱ्याचा वास नसलेलं पाखरू तिला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं. ती कणसांत शिरली आणि दगडासारखी थांबली.

कोंबडा कर्कश ओरडत सरळ वर उठला. लांब शेपटी, एक पीस मोडलेलं नाही. मिस्टर व्हिटकोमना तो दिसला असेल असं वाटत नाही. त्यांनी आवाज ऐकला, आणि तरुणपणी उचलत असतील तशी बंदूक उचलली. एकच बार झाला.

"अरे, असा उडायचा... माझ्या लहानपणी असा उडायचा," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ऑरिनचेही आले, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

शिकार सोलून द्यायचं कामही ऑरिनचंच. दुपारी त्याने कोंबडा टेबलावर घेतला. पायामागचे काटे अंगठ्याच्या पेराएवढे वाढलेले, म्हणजे वयाने चांगला जून. नाकाला भोक नाही. गळ्याची पिशवी कापली तर आत सकाळचे दाणे तसेच होते, अजून कोरडे. त्याने ते धुतले आणि खिशात टाकले. असं का केलं ते त्याला सांगता आलं नसतं. घरी व्हर्नाने बाळांची चौकशी केली नाही. तिने बार ऐकला होता.

सोमवारी ट्रेंट हसतमुखाने आला.

"नोकरी वाचली तुझी! म्हातारा बेहद्द खूश आहे. पुढल्या हंगामात सगळी पाखरं अशीच उडणारी हवीत म्हणाला. तक्रार एकच आहे, मांस फार चिवट निघालं. तू घालतोस तरी काय रे त्यांना?"

"मका," ऑरिन म्हणाला. "रोज सकाळी सहाला. माझ्या हाताने."