तोंड पाहून खोली

"बठ्ठं तोंडवर लिखेल ऱ्हास," असं म्हणत नाना मान तिरकी करून समोरच्याकडे बघायचे. म्हणजे सगळं माणसाच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. मेहरूणच्या आमच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या खोल्या. कोणी खोली विचारायला आलं की नाना नाव विचारत नसत. माणूस बसतो कसा, कप धरतो कसा, एवढ्यावरून जात ठरवायचे. मग खोली द्यायची, नाहीतर "भरली शे", म्हणजे भरली आहे, म्हणायचं. गल्लीला मजा वाटायची. तुम्ही असता तर तुम्हीही ओट्यावर बसून हसला असता.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण मी बांधलेली नानांची एक भिंत ओळंब्याबाहेर दाखवा. मी बौद्ध हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून माझा चहाचा पेला खिडकीत वेगळा असायचा. मी त्याला कधी हात लावला नाही. चहा सोडला म्हणून सांगायचो आणि चौकात जाऊन प्यायचो.

एकदा शिंदखेड्याकडची एक नर्स नवऱ्यासोबत आली. पोटुशी, उजळ, डोक्यावर पदर. नानांनी एकदाच पाहिलं. "आपली शे," म्हणाले आणि किल्ली दिली.

तिला ते बेटा म्हणायला लागले. ती रोज त्यांचं बीपी तपासायची. थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करायची, पहिली वाटी नानांना. नाना बोटं चाटत गल्लीभर सांगायचे, आपल्या घरचा हात लपत नाही.

लेकरू झालं. पाठोपाठ जयंती आली. तिने दारात बाबासाहेबांचा फोटो मांडला, हार घातला, मेणबत्ती लावली. नाना फाटकात थांबले, बघितलं, आत गेले. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, तिच्या खोलीचा नळ तोड, वरून सिमेंट मार. तुझं सिमेंट फुटत नाही.

घरात ओली बाळंतीण, आणि आमच्याकडे पाणी येतं ते दोन-तीन दिवसांआड. मी म्हटलं, "नाना, चूक तुमच्या डोळ्याची आहे. नळाची नाही."

"मनी चूक नही," नाना म्हणाले. "बाईच तोंड बदलून आली. तिच्या भरिताला तर पहिल्यापासून वास येत होता."

मी थापी उचलून निघालो. सिमेंट दुसऱ्याने मारलं.

नळ तुटणार हे तिला मीच आधी जाऊन सांगितलं होतं. ती लंगोट वाळत घालत होती. म्हणाली, "आबा, मी लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही."

गल्लीत दुसऱ्या कोणी तिला हंडाभर पाणी दिलं नाही. नानांशी वाकडं कोण घेणार? माझी म्हातारी घरून नेऊन द्यायची, पण तान्ह्या लेकराच्या घराला ते पुरतंय कुठे. आठवड्यात त्यांनी खोली सोडली. रिक्षात बसताना ती नानांकडे वळून म्हणाली, "नाना, गोळी चुकवू नका." नाना भिंतीकडे बघत राहिले.

पाणी आलं त्या दिवशी नानांनी सिमेंट फोडून नळ मोकळा केला आणि खोली धुवायला काढली. सकाळभर पाणी वाहत होतं. हंडे भरणाऱ्या बायांच्या पायांखालून ते गटारीत गेलं.

नाना मागच्या थंडीत गेले. सगळी गल्ली स्मशानात गेली. नळ आला होता. मी घरी राहून पाणी भरलं.