झोपलं की टाईम लिही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केली. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि माझा विश्वास फक्त टेस्टरवर. तरीही हे लिहितोय... कारण हे माझ्याच घरात घडलंय.

साल २००४. घर शहराजवळच्या गडमुडशिंगी गावात. आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. घरचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, मीच जोडलेलं, आणि नेमकं तेच दिवसाढवळ्या आपोआप बंद पडायचं. लोकांची मशिनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा! रॅम बदलली, पंखा साफ केला, पॉवर सप्लाय दोनदा नवा टाकला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसासुद्धा ओतला. छे!

अण्णांचं पूर्वी किराणा दुकान होतं. दुकान 'बंद करायचं' नसतं, 'वाढवायचं' असतं — त्या सवयीमुळे घरात कोणी 'बंद पडलं' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणून आम्ही म्हणायचो, मशीन झोपलं.

नक्की किती वाजता झोपतं ते कळलं तर काहीतरी धागा लागेल, असं वाटून मी ते दिवसभर चालू ठेवून दुकानात जायला लागलो. पहिल्या दिवशी स्कूटरला किक मारता मारता ओरडलो, "आई, झोपलं की टाईम लिहून ठेव गं!"

"व्हय, लिवती की!" आतून आवाज आला.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी आईची वही घेऊन बसलो. मशीन अचानक बंद पडलं की विंडोजमध्येही त्याची वेळ नोंदली जाते. ती यादी उघडून ताडून बघितली. नऊ नोंदी, आणि नऊच्या नऊ जुळल्या. मी खूश! मग एका ओळीवर नजर अडकली — 'मलकापूर, पावणेबारा.' त्या दिवशी आई-अण्णा दोघं मलकापूरला आत्याकडे गेले होते. घराला कुलूप, मशीन आत चालू. विंडोज म्हणत होतं, अकरा शेहेचाळीस.

"आई, मलकापुरात बसून तुला कसं कळलं मशीन झोपलं ते?"

"मशीन? मी अण्णांचं लिवलंय न्हवं!" आई पोळपाट सोडून बाहेर आली. "बसल्या बसल्या डोळं फिरवत्यात. हाक मारली तरी ऐकू जात न्हाई. जरा येळानं उठत्यात आन् म्हणत्यात, डुलकी लागली. तूच म्हणालास की, झोपलं की टाईम लिव. मला वाटलं, तुझ्याबी ध्यानात आलंय."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मान देऊन 'अण्णा आलं', 'अण्णा झोपलं' असंच म्हणतात. मी बोललो मशीनबद्दल, आईनं ऐकलं अण्णांबद्दल.

स्क्रीनकडे बघायची छाती होईना... उठून परसात पळालो. अण्णा शेंगा फोडत बसले होते. मला बघून म्हणाले, "काय रं, झोपलं व्हय परत?"

त्याच दिवशी त्यांना कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. सारखी कुरकुर, "मला काय धाड भरलीया? तुझं मशीन ने की!" छातीला वायरी लावलेल्या असतानाच त्यांचे डोळे फिरले, आणि कागदावर रेघ सरळ निघाली. सरळच. मी मोठ्यानं ओरडलो. मग ठोका परत आला. डॉक्टर म्हणाले, हृदय मध्येच काही सेकंद थांबतंय, एखाद्या दिवशी थांबलेलंच राहील. दोन दिवसांत पेसमेकर बसवला.

त्यानंतर ते मशीन त्याच पॉवर सप्लायवर चार वर्षं चाललं. एकदाही बंद पडलं नाही. एखादी वेळ जुळली असती तर योगायोग म्हणालो असतो... पण नऊ? त्यातली एक कुलूपबंद घरातली? मी खूप डोकं फोडलं. मला उत्तर मिळालेलं नाही.

अण्णा आज ठणठणीत आहेत. घरी पावणं आलं की आई अजून कौतुकानं सांगते, "पोराचं बापाकडं बारीक ध्यान हुतं, म्हणून वाचलं." महिनाभर मी त्या पेटीत डोकं खुपसून बसलो होतो, अण्णांकडे एकदाही बघितलं नव्हतं... हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.